नाव नसलेला कागद

इस्लामपूरच्या सरकारी दवाखान्यात सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढं रांग लागते, तेव्हा लोकांच्या हातांकडे बघावं. बऱ्याच जणांकडे कापडदुकानाची पिशवी असते आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले जुने केसपेपर. घडी पडून पडून घडीवरच फाटलेले, मागून चिकटपट्टी मारलेले, कडेला हळदीचं बोट लागलेले. ज्यांनी आणलेले नसतात त्यांना आतून विचारणा होते, “जुना पेपर कुठाय?” त्यावरचं उत्तर ठरलेलं आहे, “घरातच ऱ्हायला की ओ.”

त्या कागदावर सगळ्यांत वर नाव, मग वय, गाव, तारीख आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरातल्या दोन-तीन ओळी. आजार नेहमीचा असला की गोष्ट तिथंच मिटते. पण एखाद्याचं दुखणं पुस्तकात बसत नाही. मग डॉक्टर ते पहिल्यापासून नीट लिहून काढतात आणि वैद्यकाच्या मासिकाला धाडतात. तो झाला केस रिपोर्ट. दुर्मीळ आणि जिवावरच्या आजारांचं ज्ञान बरंचसं अशाच कागदांतून साठत आलं. छापायला जाताना त्यावरचं जे पहिलं खोडलं जातं, ते नाव. ‘४५ वर्षांचा पुरुष, व्यवसाय शेती’ एवढंच उरतं. हे नाव कधीपासून गेलं आणि त्याच्या जागी कुणाकुणाची नावं येऊन बसली, याचा माग काढावासा वाटला.

सुरुवातीला नाव होतं, तेही पत्त्यासकट. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ‘एपिडेमिक्स’च्या पहिल्या आणि तिसऱ्या भागांत मिळून ४२ रोग्यांच्या हकिगती आहेत. पहिलाच रोगी फिलिस्कस, गावच्या भिंतीलगत राहणारा. आपल्याकडे ‘ओढ्याकडेचा’ किंवा ‘वेशीतला’ म्हणून माणूस ओळखतात, तसाच. ताप कोणत्या दिवशी चढला, लघवीचा रंग कसा होता, बडबड कधी सुरू झाली, सगळं दिवसावार. या ४२ पैकी २५ जण दगावले आणि लिहिणाऱ्यानं ते लपवलं नाही. आजच्या मासिकांत बरे झालेले रोगीच जास्त भेटतात, म्हणून हा आकडा मला मुद्दाम सांगावासा वाटतो.

आपल्या ग्रंथांची रीत निराळी. सुश्रुतसंहिता रोग सांगते, रोगी सांगत नाही. क्षुद्ररोगांत तिथं ‘वल्मीक’ येतो. वल्मीक म्हणजे वारूळ. हातापायांवर वारुळासारखी वाढत जाणारी आणि अनेक तोंडांनी वाहणारी गाठ. वर्णन असं की डोळ्यांपुढं उभं राहावं, पण ते वारूळ ज्याच्या पायावर उठलं तो नांगर धरणारा होता की गुरं राखणारा, हे ग्रंथ सांगत नाही. हे वारूळ ध्यानात ठेवा, ते पुढं साताऱ्यात भेटणार आहे.

आपल्या मुलखात एका रोग्याची हकिगत छापली गेली ती गोव्यात, १५६३ साली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं औषधी द्रव्यांवर संवादांचं पुस्तक छापलं. त्यात एक संवाद पटकीवर आहे, आणि मधेच बोलणं थांबवून वैद्य रोग्याला बघायला जातो. बुडालेली नाडी, गार पडलेलं अंग, पोटऱ्यांना येणारे वांब, हे खाटेशी उभं राहून पाहिलेलं आहे. या रोगाला इथले लोक काय म्हणतात तेही त्यानं टिपलं. आपल्या मोडशीचं पोर्तुगीज तोंडात ‘मोर्देशी’ झालं. पुढं फ्रेंचांनी त्याचं ‘मोर्द शियां’ केलं, म्हणजे त्यांच्या भाषेत कुत्र्याचं मरण. साध्या मोडशीची एवढी वरात निघाली.

मग पुणे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र चित्रासकट आलं. कावसजी नावाचा गाडीवान, इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्यांनी त्याचं नाक व एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचाच वावरला. मग पुण्याजवळच्या एका कुंभारानं त्याला नवं नाक बसवून दिलं. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

कृती अशी दिली आहे, की वाचून हातानं करून बघावीशी वाटावी. आधी मेणाचं नाक करायचं, ते चपटं करून कपाळावर ठेवायचं, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र तोडायची नाही, कारण रक्त तिथूनच येणार. ती कातडी पिळून खाली आणायची आणि जुन्या नाकाच्या कडा ताज्या करून त्यांत बसवायची. वर कात पाण्यात कालवून फडक्याच्या पट्ट्यांना लावून त्या एकीवर एक पाच-सहा ठेवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं फडकं लावायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ चिंध्या घालायच्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधली पट्टी कापायची. कात, तूप, चिंध्या आणि मेण: चौथी वस्तू वगळली तर बाकी सारं घरातलंच.

हे वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जननं १८१४ मध्ये ती शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये दोन रोग्यांवर पुस्तक काढलं. कार्प्यूचं नाव पुस्तकावर आलं, कावसजीचं मासिकात आलं, क्रूसो-फिंडले साक्षीदार म्हणून आले. चौघांची नावं आहेत. ज्याच्या बोटांत ती विद्या होती, त्याची फक्त जात आहे.

आता सातारा. १८४८ साली सातारचं राज्य खालसा होऊन इंग्रजांचा जिल्हा झाला. आमच्या इस्लामपूरचा वाळवा तालुका तेव्हा त्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे १८६३ साली साताऱ्यात जो सिव्हिल सर्जन रुजू झाला, तो इस्लामपूरचाही सिव्हिल सर्जन. त्याचं नाव हेन्री व्हॅनडाइक कार्टर.

डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांच्या टेबलावर ‘ग्रेज अ‍ॅनाटमी’ असतं. १८५८ मध्ये ते पहिल्यांदा निघालं तेव्हा त्यात ३६३ चित्रं होती, आणि ती काढणारा हा कार्टर. मजकूर हेन्री ग्रे याचा. पुस्तकाचं पहिलं पान छापखान्यातून तपासायला आलं, तेव्हा ग्रेनं कार्टरच्या नावाची अक्षरं बारीक करायला लावली. ग्रेला पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीमागं पैसे, कार्टरला एकदाच दीडशे पौंड. पुस्तक बाजारात यायच्या आधीच कार्टर बोटीनं मुंबईला निघून आला होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यानं शरीररचना शिकवली, जे. जे. रुग्णालयात काम केलं. ज्याचं स्वतःचं नाव कुणीतरी लहान करून ठेवलं होतं, तो माणूस इथं येऊन बिननावाच्या लोकांचे पाय बघत बसला.

पाय म्हणजे तेच वारूळ. १८४२ मध्ये मदुरेच्या दवाखान्यात गिल नावाच्या डॉक्टरनं ते नोंदलं होतं आणि ‘मदुरा फूट’ असं गावाचं नाव त्याला चिकटलं होतं. अनवाणी माणसाच्या पायात बाभळीचा काटा मोडतो, तो विसरूनही जातो. कधीतरी तळव्याला किंवा घोट्याजवळ गाठ येते. ती दुखत नाही, आणि घात तिथंच होतो, कारण न दुखणाऱ्या गाठीसाठी भांगलणीचा दिवस मोडून तालुक्याला कोण येतो? वर्षं जातात. पाय सुजून दगडासारखा होतो, जागोजागी तोंडं पडतात आणि त्यांतून कण येऊ लागतात. काही रोग्यांत बंदुकीच्या दारूसारखे काळे, काहींत खसखशीसारखे फिके. हे कण कार्टरनं सूक्ष्मदर्शकाखाली धरले. काळ्या कणांत त्याला बुरशीचे तंतू दिसले. मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या अंकात त्यानं ते १८६० च्या सुमारास मांडलं आणि रोगाला ‘मायसेटोमा’ हे नाव दिलं. पुढं १८७२ पर्यंत तो साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता, तुरुंगही त्याच्याकडेच होता. १८७४ मध्ये लंडनहून त्याचं मायसेटोमावरचं रंगीत चित्रांचं पुस्तक निघालं.

कार्टरनं काळा आणि फिका असे दोन प्रकार वेगळे लिहिले, ते फार मोलाचं ठरलं. आज आपल्याला कळतं की एकच दिसणाऱ्या या रोगाची मुळं दोन आहेत: एकात बुरशी, दुसऱ्यात जिवाणू. जिवाणू असले तर प्रतिजैविकांनी पाय वाचतो. बुरशी असली तर महिनोन्‌महिने बुरशीची औषधं, शस्त्रक्रिया आणि तरीही कधी कधी पाय कापणं. म्हणजे ‘कण कुठल्या रंगाचे’ ही केसपेपरवरची अर्धी ओळ पायाचं भवितव्य ठरवू शकते. काळे बहुधा बुरशीचे असतात. फिक्यांचा मात्र भरवसा नाही, ते तपासूनच घ्यावे लागतात.

विसाव्या शतकात प्रसंग बदलले, नावांची रीत तीच राहिली. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे यांच्यापुढं अशा माणसांचं रक्त आलं की जे कुणाशीच जुळेना. त्यांत एक रेल्वेच्या अपघातातला होता, एक भोसकलेला. नेहमीच्या तपासणीत असं रक्त ‘ओ’ दिसतं, पण ‘ओ’ चढवलं तर माणूस दगावू शकतो, कारण बाकी सगळ्यांच्या रक्तात असणारा ‘एच’ हा पायाभूत घटकच यांच्यात नसतो. लंडनच्या प्रयोगशाळांशी मिळून भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला. सात लेखकांची नावं, रक्ताला शहराचं नाव: बाँबे ब्लड ग्रुप. भारतात साधारण दहा हजारांत एकाचं रक्त असं असतं आणि दक्षिण महाराष्ट्र-कोकणातली माणसं त्यांत वारंवार सापडतात. पुढं १९९५ मध्ये शहराचं नाव बदललं, रक्ताचं बदललं नाही. आमच्या गावालाही २०२५ मध्ये सरकारनं ईश्वरपूर हे नाव जाहीर केलं. तोंडात अजून जुनंच येतं, म्हणून इथंही तेच लिहितो आहे.

महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा तांबड्या विंचवाची माणसं मरायचीच, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं होतं. मंत्र घालून उतरवायचा, उतरला नाही की संपलं. बावस्करांनी काय केलं, तर खाटेशेजारी बसून लिहिलं. उलटी, दरदरून घाम, बर्फासारखे हातपाय, मग तोंडाला फेस. दंशाच्या जागी नव्हे, हृदयाशी गडबड होते, हे त्या टिपणांतून उलगडत गेलं. १९८२ मध्ये ही आगाऊ लक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली आणि १९८६ मध्ये प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा उपयोग. २०११ मध्ये ७० रुग्णांची रीतसर चाचणी करून, गोळीच्या जोडीला विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दिलं तर माणूस लवकर सावरतो, हेही दाखवलं. ज्या माणसाला उसाचं पाचट ओढताना विंचू चावतो, त्याच्यासाठी हा सगळा प्रवास एका सरकारी केंद्राच्या केसपेपरवर सुरू झाला. ना प्रयोगशाळा, ना अनुदान. मला हा भाग नेहमी कार्टरपेक्षा वरचढ वाटतो.

नाव झाकण्याची रीत का हवी, हे इस्लामपुरानं २०२० मध्ये उघड्या डोळ्यांनी पाहिलं. २३ मार्चला सौदीहून परतलेल्या एकाच घरातल्या चौघांना कोरोना निघाला आणि काही दिवसांत आकडा पंचविसाच्या घरात गेला. राज्यभर ‘इस्लामपूर, इस्लामपूर’ झालं. सरकारी पत्रकात नावं नव्हती, मोबाइलवर मात्र गल्लीसकट फिरत होती. माणसं बरी होऊन घरी आली, तरी ते निरोप फिरतच होते. फिलिस्कसचा पत्ता लिहिणाऱ्याच्या गावात मोबाइल नव्हते. आता केस रिपोर्ट छापायचा तर रोग्याची लेखी संमती लागते, चेहरा ओळखू येईल असा फोटो तर संमतीशिवाय चालतच नाही. दुर्मीळ आजारात हे आणखी अवघड. दहा हजारांत एक असा माणूस आणि त्याचा तालुका लिहिला, तर नाव खोडूनही काय झाकलं?

पुन्हा वारुळाकडे येतो. बुरशीच्या मायसेटोमावर औषधाची पहिली खरी तुलनात्मक चाचणी, म्हणजे कुणाला कोणतं औषध मिळतंय हे ना रोग्याला ठाऊक ना डॉक्टरला, अशी चाचणी, सुरू झाली ती २०१७ मध्ये, सुदानमधल्या खार्तूमच्या मायसेटोमा संशोधन केंद्रात. निष्कर्ष छापून आले २०२४ मध्ये. कार्टरच्या सूक्ष्मदर्शकापासून मोजलं तर दीडशेहून जास्त वर्षं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये हा रोग ‘दुर्लक्षित’ रोगांच्या यादीत घेतला, हेही उशिरानंच.

ते केंद्र सुदानच्या यादवीत सापडलं. इमारत उद्ध्वस्त झाली, नमुने गेले, चाळीस वर्षांच्या नोंदी गेल्या, असं केंद्राच्या प्रमुखांनी २०२५ मध्ये सांगितलं. हजारो पायांची हकिगत तिथं एका छपराखाली होती. त्या रोग्यांपैकी कुणी गाव सोडून पळताना आपल्या पिशवीत कागद टाकला असेल, तर तेवढाच.

इस्लामपूरच्या खिडकीवर “घरातच ऱ्हायला” असं कुणी म्हणालं की मागच्या रांगेतून च्‌-च्‌ ऐकू येतं. परवा एका म्हाताऱ्या बाईंनी मात्र सुनेला मागं पाठवलं नाही. लुगड्याच्या ओच्यातून त्यांनी चार घड्यांचा कागद काढला, खिडकीच्या कठड्यावर पसरला, तळहातानं दाबून दाबून सरळ केला, आणि आतला माणूस वाचेपर्यंत एक कोपरा बोटानं धरून ठेवला.