आखाती युद्ध-आजार : अपंगत्व-भरपाई

अमेरिकेच्या ज्या माजी सैनिकांच्या दुखण्याचे निदान होऊ शकले नाही, त्यांना केंद्र सरकारकडून मिळणारी करमुक्त मासिक रक्कम. १९९०–९१ च्या आखाती युद्धात सुमारे सात लाख अमेरिकी सैनिक उतरले होते. परतल्यावर अनेकांना न हटणारा थकवा, सांधेदुखी, डोकेदुखी, विस्मरण, त्वचेचे व पोटाचे विकार जडले. तपासण्यांत काही सापडेना, म्हणून पुष्कळांची ‘मानसिक ताण’ म्हणून बोळवण झाली. मार्च १९९१ मध्ये इराकमधील खमिसिया येथे अमेरिकी तुकड्यांनी उडवलेल्या दारूगोळ्यात सारिन हा विषारी वायू होता, हे संरक्षण खात्याने १९९६ मध्ये मान्य केले. २००८ मध्ये संसदेच्या आदेशाने नेमलेल्या समितीने हा आजार खरा असून दर चार सैनिकांमागे सुमारे एकाला तो आहे, असे सांगितले. कीटकनाशके आणि वायुहल्ल्यापासून बचावासाठी दिलेल्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या यांच्यावर समितीने प्रामुख्याने ठपका ठेवला.

एरवी भरपाईसाठी रोगाचे निदान आणि त्याचा नोकरीशी संबंध सिद्ध करावा लागतो. १९९४ च्या कायद्याने येथे अपवाद केला : त्रास सहा महिने टिकला आणि किमान १० टक्के अपंगत्व आले, तर नोकरीशी संबंध गृहीत धरायचा. यातून विचित्र पेच उभा राहिला. एखाद्या डॉक्टरने सद्भावनेने दुखण्याला नाव दिले, की ते ‘अनिदानित’ उरत नसे आणि सवलत हातची जाई. २००१ मध्ये दीर्घकालीन थकवा, फायब्रोमायाल्जिया व आतड्याचा क्षोभविकार यांचा समावेश करून हा पेच काही अंशी सोडवण्यात आला.

कायदा उदार, अंमल मात्र कंजूष राहिला. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये दाखवले, की असे ८० टक्क्यांहून अधिक दावे फेटाळले जात होते. अन्य दाव्यांच्या मानाने मंजुरीचे प्रमाण जेमतेम एक तृतीयांश होते. या आजाराचे ऐच्छिक प्रशिक्षण तर दहातल्या एखाद्याच तपासनीस डॉक्टराने घेतले होते.

लक्षणे ठरावीक मुदतीत दिसावीत, अशीही अट होती; ही मुदत माजी सैनिकांचे खाते वारंवार वाढवत राहिले. १० ऑगस्ट २०२२ च्या ‘पॅक्ट’ कायद्याने ती रद्द केली, १० टक्क्यांची अटही काढली आणि अफगाणिस्तानात लढलेल्यांनाही या तरतुदीत घेतले.