लॅपटॉपचे अतितापन

लॅपटॉपचे अतितापन म्हणजे प्रोसेसर, ग्राफिक्स चिप किंवा बॅटरी यांचे तापमान सुरक्षित मर्यादेपलीकडे चढणे. संगणकीय खेळ खेळताना हा अनुभव विशेषत्वाने येतो. पुणे जिल्ह्यातील सुपे (तालुका बारामती) परिसरासारख्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात उन्हाळ्यात त्याची तीव्रता वाढते.

कारणे

लेखनासारख्या साध्या कामात लॅपटॉप साधारणतः १० ते २० वॅट वीज वापरतो. खेळांसाठी बनवलेल्या यंत्रात त्रिमितीय खेळ सुरू होताच हा वापर १०० वॅटच्या पुढे जाऊ शकतो, आणि त्यातील जवळजवळ सर्व विजेची अखेर उष्णताच होते. ही उष्णता तांब्याच्या नळ्यांतून धातूच्या पातळ पट्ट्यांपर्यंत पोहोचते व पंखा ती बाहेर ढकलतो. पंखा हवा थंड करीत नाही, केवळ हलवतो. त्यामुळे यंत्र खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली १० अंशांनी तापली, की तेवढ्याच भाराखाली यंत्राचे आतील तापमानही स्थूलमानाने तितकेच वाढते. अनेक उत्पादक ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापर सुचवतात. सुपे परिसरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ४० अंशांच्या आसपास असतो आणि पत्र्याच्या छताखालील खोली त्याहूनही तापते. शिवाय येथील भाग बव्हंशी जिरायती. मयूरेश्वर अभयारण्यातील चिंकारांना मानवणाऱ्या या कोरड्या माळावरची बारीक धूळ धातुपट्ट्यांच्या फटींत बसते आणि हवेची वाट अडवते.

परिणाम

तापमान सुमारे ९५ ते १०० अंशांवर गेले, की बहुतेक प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतात. खेळ अडखळू लागतो तो यामुळे. उष्णता आणखी वाढल्यास यंत्र आपोआप बंद पडते. ही संरक्षणव्यवस्था असल्याने प्रोसेसर सहसा जळत नाही. खरी झीज बॅटरीची होते. लिथियम-आयन बॅटरी सततच्या उष्णतेने लवकर क्षीण होते, क्वचित फुगते. कळफलक किंवा स्पर्शपट्टी उचललेली दिसल्यास वापर व चार्जिंग त्वरित थांबवणे आवश्यक असते. फुगलेली बॅटरी टोचणे वा दाबणे धोक्याचे आहे.

उपाय

थंडावा विकत घेण्याआधी उष्णतेची निर्मिती घटवणे अधिक परिणामकारक व बिनखर्ची ठरते. खेळातील चित्रांची गती सेकंदाला ६० पर्यंत मर्यादित केल्यास ग्राफिक्स चिपवरील भार कमी होतो. विंडोज प्रणालीत प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के ठेवल्यास अनेक यंत्रांत त्याची तात्पुरती वेगवाढ बंद होते. वेग थोडा कमी होतो, तापमान मात्र लक्षणीय उतरते.

गोधडी किंवा गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपचे खालचे झरोके बुजतात. कठीण पृष्ठभाग व मागील कड किंचित उचललेली असणे पुरेसे असते. कोरड्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर खोलीचे तापमान चांगले उतरवतो, मात्र त्याचा ओला झोत थेट यंत्रावर नसावा. बर्फ लावणे किंवा यंत्र फ्रीजमध्ये ठेवणे हा उपाय नव्हे; आत पाण्याचे थेंब साचून मंडल बिघडू शकते.

धूळ काढताना यंत्र बंद करून, पंख्याचे पाते रोखून धरून, दाबाखालील हवेचे छोटे झोत दिले जातात. पाते मोकळे राहिल्यास ते अतिवेगाने फिरून बिघडण्याची शक्यता असते. काही वर्षांनी प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट सुकते; ती बदलण्यासाठी यंत्र उघडावे लागते, म्हणून हमीच्या मुदतीत हे काम अधिकृत सेवाकेंद्राकडून करून घेणे इष्ट.