रिकाम्या चौकटींचा भारत

जनगणनेचे जुने तक्ते चाळताना दोन रिकाम्या चौकटी लक्ष वेधून घेतात. अशांत परिस्थितीमुळे १९८१ साली आसामात आणि १९९१ साली जम्मू-काश्मीरमध्ये गणना होऊ शकली नाही. त्यांच्या लोकसंख्येचे अंदाज पुढे बांधले गेले, परंतु देशाच्या साक्षरतेच्या आकड्यांत (१९८१: ४३.५७ टक्के, १९९१: ५२.२१ टक्के) ती ती राज्ये धरलेली नाहीत. हे सांगते ती केवळ तळटीप.

आता राज्यवार साक्षरतेचा दशकादशकांतील सहसंबंध काढून पाहा. १९७१-८१ च्या जोडीतून आसाम गळतो, १९९१-२००१ मधून जम्मू-काश्मीर, आणि १९८१-९१ मधून दोन्ही. एकाच तक्त्यातील तीन सहसंबंधांक म्हणजे तीन निरनिराळे भारत! रंगीत आलेखात मात्र याचा मागमूसही उरत नाही.

आकडा नाही, तर तो का नाही, हा प्रश्न संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली काटेकोरपणे मांडला. येथे गणना अडली ती अशांततेमुळे. आणि अशांतता शाळाही बंद पाडू शकते. म्हणजे ही उणीव योगायोगाची मानता येत नाही.

उपाय साधा आहे. सहसंबंधाच्या प्रत्येक चौकटीत किती राज्यांच्या जोड्या धरल्या, ते लिहावे. ज्या राज्याचा एकच आकडा उपलब्ध आहे, त्याचा बिंदू गाळून न टाकता आलेखाच्या कडेला, त्या अक्षालगत दाखवावा. प्रगणक जेथे पोहोचू शकला नाही, तेथेच शासनाची गरज कदाचित सर्वाधिक असते. निदान आलेखातून तरी तो प्रदेश पुसला जाऊ नये.