राजेश्वरची वीज आणि शब्दाचा भरवसा

हैदराबादेहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता हुमनाबाद मागे टाकून पश्चिमेकडे निघाला, म्हणजे बसवकल्याणच्या अलीकडे राजेश्वर हे गाव लागते. या मुलखाचा इतिहास लिहावयास बसणारा लेखक सहसा कल्याणच्या चालुक्यांपासून आरंभ करतो. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’, बसवेश्वरांचा अनुभवमंटप, बहमनी व बरीदशाही सुलतान आणि अखेरीस निजाम, अशा पायऱ्या उतरत तो १९४८ पर्यंत येतो व तेथे लेखणी खाली ठेवतो. तो क्रम आम्ही मोडू इच्छीत नाही. परंतु त्याच हमरस्त्याच्या कडेने खांबांवरून ज्या तारा गेल्या आहेत त्यांनाही इतिहास आहे, आणि त्या खांबांवर चढणाऱ्या माणसांनाही आहे. श्रमास ‘कायक’ म्हणून पूजेची पदवी देणारा विचार बाराव्या शतकात ज्या कल्याणात मांडला गेला, त्याच्या शेजारगावी बसून श्रमाचा हा एक प्रकार तपासून पाहणे अस्थानी ठरू नये.

विजेच्या मोठ्या कंपनीत काम करणे म्हणजे नेमके काय? बाहेरून पाहणारास यंत्रे दिसतात, उंच मनोरे दिसतात, महिन्याचे बिल दिसते. आतून पाहिले असता आम्हांस असे आढळते की, या कामाचे मर्म यंत्रात नसून शब्दात आहे: एका माणसाने दुसऱ्या माणसास दिलेल्या आणि दुसऱ्याने विश्वासाने घेतलेल्या शब्दात. हे विधान स्पष्ट होण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मराठी मुलखास मोठी वीजकंपनी प्रथम दिसली ती बोरघाटात. टाटांनी १९१० साली जलविद्युत कंपनी स्थापन केली. लोणावळे, वळवण व शिरवटे येथे मावळचे पावसाळी पाणी अडविले. ते अजस्र नळांतून सुमारे सतराशे फूट खाली खोपोलीस सोडले, आणि १९१५ साली तेथील वीज एक लाख व्होल्ट दाबाने मुंबईच्या गिरण्यांकडे धाडली. पुढे १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा ही केंद्रे सुरू झाली. भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशीचे खोरे पाण्याखाली गेले, आणि त्याविरुद्धच्या लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापती’ हे नाव दिले. तो इतिहास वाचकांस परिचित आहे. तितकी परिचित नसलेली गोष्ट ही की, खोपोलीने एक नव्या जातीची चाकरी निर्माण केली. भोंगा वाजला की गिरणी सुटत असे; वीजघर मात्र कधी सुटतच नाही. धान्याप्रमाणे वीज कोठारात भरून ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती. ज्या क्षणी ती लागते त्याच क्षणी ती निर्माण करावी लागे. म्हणून दिवसाच्या तीन पाळ्या आल्या, आणि एका पाळीच्या माणसाने दुसऱ्या पाळीच्या माणसाच्या हाती काम सोपविताना ‘कोणते यंत्र चालू, कोणते बंद, कोठे माणसे काम करीत आहेत’ हे नोंदवहीत लिहून व तोंडाने सांगून मगच घरी जाण्याची शिस्त आली.

दक्षिणेस म्हैसूर संस्थानाने तर १९०२ सालीच कावेरीवरील शिवसमुद्र येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत सुमारे नव्वद मैल वीज नेली होती. हैदराबाद शहरासाठी हुसेनसागराच्या काठी १९२० साली कोळशावरचे वीजघर उभे राहिले. बीदर जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या जिल्ह्याच्या तीन वाटण्या झाल्या: उदगीर, निलंगे, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद व नारायणखेड आंध्रात गेले, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, कल्याण हा भाग म्हैसूर राज्यास मिळाला. राजेश्वर त्या शेवटच्या वाटणीत पडले.

येथून पुढे वीजखात्याच्या दारावरील पाट्या बदलत गेल्या. १९५७ साली म्हैसूर राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९७३ साली राज्यास कर्नाटक हे नाव मिळाले, तसे ते मंडळासही मिळाले. १९९९ साली मंडळ जाऊन महामंडळ आले, आणि १ जून २००२ रोजी बीदर, गुलबर्गा व शेजारच्या जिल्ह्यांतील वीजवाटपाचे काम गुलबर्गा विद्युत पुरवठा कंपनीकडे, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘जेस्कॉम’कडे, गेले. सीमेपलीकडे उमरग्यातही तोच प्रकार घडला: १९६० चे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २००५ साली विभागले जाऊन ‘महावितरण’ कंपनी जन्मास आली. १९७० साली बसवकल्याण भागात कामास लागलेला एखादा लाइनमन २००५ च्या सुमारास निवृत्त झाला असेल, तर त्याने चार पाट्यांखाली चाकरी केली असे म्हणावे लागेल. आणि एवढ्या अवधीत तो कदाचित आपल्या तालुक्याबाहेरही गेला नसेल.

पाट्या बदलल्या त्याबरोबर वीज येण्याच्या वाटाही बदलल्या. वीजनिर्मितीसाठी म्हैसूर राज्याने १९७० साली वेगळे महामंडळ काढले. कारवारकडील आमच्या कोंकणी वाचकांस काळी नदीवरील सूपा धरण आणि अंबिकानगरची वसाहत ठाऊक असेल. ती याच महामंडळाची. १९८५ साली रायचूरनजीक शक्तिनगर येथे कोळशावरील केंद्र सुरू झाले व ते वाढत वाढत १७२० मेगावॅटपर्यंत गेले. त्या केंद्राचा कोळसा तेलंगणातील सिंगरेणीच्या खाणींतून येत आला, तसाच नागपुरास मुख्य कचेरी असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणींतूनही आला. म्हणजे राजेश्वरच्या एखाद्या घरातील दिव्यामागे तेलुगू व मराठी खाणकामगार, कानडी यंत्रचालक आणि गावच्या खांबावर चढणारा लाइनमन असे सारे उभे असतात. त्यांची एकमेकांशी कधी गाठ पडत नाही.

आता खांबाजवळ येऊ. अकरा हजार व्होल्टच्या तारेवर काम करावयाचे म्हणजे आधी ती निर्जीव करावी लागते. यासाठी कर्नाटकात जी पद्धत आहे तिला ‘लाइन क्लिअर’ म्हणतात. बोलताना नुसते ‘एल.सी.’ म्हणतात. महाराष्ट्रात याच गोष्टीला ‘परमिट’ असा शब्द आहे. रेल्वेतही ‘लाइन क्लिअर’ आहे, परंतु तेथे त्याचा अर्थ मार्ग मोकळा आहे, गाडी येऊ द्या, असा होतो. विजेच्या कामात अर्थ उलट आहे: मार्ग रिकामा केला आहे, आता प्रवाह येणार नाही.

लाइनमन उपकेंद्रास दूरध्वनी करून फिडरचे नाव सांगतो व एल.सी. मागतो. उपकेंद्रातील चालक तो फिडर बंद करतो, तोडसांधा उघडतो, तार भूमीस जोडतो, ‘माणसे काम करीत आहेत’ अशी पाटी कळीवर अडकवितो, नोंदवहीत वेळ व नाव लिहितो आणि मग एल.सी. दिल्याचे सांगतो. लाइनमनाने तेवढ्यावर विसंबावयाचे नसते. तारेत प्रवाह नाही याची त्याने स्वतः परीक्षा करावयाची, कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंस तार भूमीस जोडावयाची, हातमोजे व कंबरपट्टा घालावयाचा आणि मगच तारेस हात लावावयाचा. काम संपल्यावर माणसे मोजावयाची, सारी खाली उतरली हे पाहावयाचे, व एल.सी. परत करावयाची. ज्याने घेतली त्यानेच ती परत करावयाची, हा यातील कळीचा नियम. ‘अर्ध्या तासाने चालू करा’ असा सौदा मान्य नसतो, कारण घड्याळास खांबावरचा माणूस दिसत नाही.

या साखळीतील एकेक कडी कोठे तुटते हे पाहिले म्हणजे या चाकरीचे खरे स्वरूप कळते. सारख्या नावाच्या दोन फिडरांत गफलत होते. दुसऱ्या फिडरची तार वरून ओलांडून गेलेली असते. कोणाच्या दुकानातील जनरेटर उलट दिशेने तारेत प्रवाह सोडतो. काळ्या मातीत पावसाळ्यात खांब कलतात, अंधारात चिखल तुडवीत जावे लागते, खाली शेतकरी पंपासाठी खोळंबलेले असतात, आणि घाईत तार भूमीस जोडण्याचे राहून जाते. कर्नाटक सरकारने २००८ पासून दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस मोफत वीज दिली. तेव्हा बिलाची कटकट सरली, परंतु वीज केव्हा येईल हा प्रश्न राहिला, आणि तो विचारला जातो गावात दिसणाऱ्या एकमेव वीजवाल्यास.

सीमाभागात यात भाषेची भर पडते. लाइनमनाच्या घरी मराठी, बाजारात दखनी उर्दू, कचेरीत व नोंदवहीत कानडी. शेतकरी येऊन ‘टीसी जळाला’ म्हणतो. हाच रोहित्र उमरग्याकडे ‘डीपी’ होतो. गप्पांत हे सारे खपून जाते. एल.सी. मागताना मात्र खपत नाही. तेथे ऐकणाऱ्याने ऐकलेला शब्द पुन्हा उच्चारून दाखवावा लागतो, व दोघांचा मेळ बसेपर्यंत कळीस हात लावता येत नाही. भाषेच्या प्रश्नावर या मुलखात पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. परंतु दोन भाषांच्या माणसांनी एक शब्द इतक्या काळजीने एकमेकांकडून पक्का करून घ्यावा आणि त्यावर जीव सोपवावा, असे व्यवहार थोडे. त्याची नोंद त्या वादांत कोठे झालेली आम्हांस दिसली नाही.

एक गोष्ट येथे मुद्दाम सांगण्याजोगी आहे. २०१३ च्या अखेरपर्यंत दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित भारतापासून तालाने वेगळे होते. राजेश्वर दक्षिण जाळ्यात, उमरगे पश्चिम जाळ्यात. दोन्हीकडे वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची, परंतु त्या दोन आवर्तनांची पावले एकत्र पडत नसत. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि सारा देश एका तालावर आला. सत्तावन्न वर्षांपूर्वी राज्यांची जी वाटणी झाली होती, ती निदान विजेने ओलांडली. परंतु या थोर जोडणीने खांबावरच्या माणसाचे काम बदलले नाही. जाळे जितके मोठे, तितक्या अधिक बाजूंनी प्रवाह परत येण्याची शक्यता. म्हणून शब्दाची गरज उलट वाढली.

आज या चाकरीत शिरणे सोपे नाही. कर्नाटकात उमेदवारास आठ मीटरचा खांब चढून दाखवावा लागतो; महाराष्ट्रात तो आधी काही वर्षे ‘विद्युत सहायक’ म्हणून ठराविक मानधनावर राबतो. याखेरीज ठेकेदाराच्या हाताखालचे मजूर पुष्कळ. आमची चिंता या ठिकाणी आहे. एल.सी. घेणारा एक आणि चढणारा दुसरा, असे जेथे होते तेथे शब्द देणारा व शब्दावर जीव टाकणारा यांच्यात तिसरा माणूस शिरतो, आणि एका शतकाच्या अनुभवाने घडलेली शिस्त नेमकी त्या सांध्यावर कच्ची पडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या पुढाकाराने २०२१ पासून ४ मार्च हा ‘लाइनमन दिवस’ म्हणून पाळला जातो. सन्मान योग्यच आहे. परंतु चढणाऱ्या प्रत्येकाचे नाव उपकेंद्राच्या वहीत असणे, हा त्याहून मोठा सन्मान होय.

त्या वह्या हेच या इतिहासाचे अस्सल साधन. कोणत्या रात्री, कोणत्या फिडरवर, कोण चढला व केव्हा सुखरूप उतरला, एवढेच त्यांत असते. ताम्रपटातही पुष्कळदा याहून अधिक नसते. जुन्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी कोणी त्या पाहाव्यात, आणि राजेश्वर, हुमनाबाद, उमरगे या भागांतील निवृत्त लाइनमनांनी आपल्या आठवणी, मराठीत, कानडीत वा दखनीत, जशा येतील तशा लिहून काढाव्यात, अशी आमची विनंती आहे.