मुळशीचा सत्याग्रह आणि कलाशाखेचे पदवीधर : नेतृत्वाचे काही धडे

मुलगा वा मुलगी दहावी-बारावी उत्तीर्ण झाली की घराघरांत शाखा-निवडीची चर्चा सुरू होते. विज्ञान घेतले तर डॉक्टर वा अभियंता, वाणिज्य घेतले तर सनदी लेखापाल किंवा घरचा व्यापार, अशी उत्तरे तयार असतात. कला शाखेचे नाव निघताच मात्र "पुढे काय?" हा प्रश्न उभा राहतो. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान, साहित्य या विषयांची पदवी कोणत्याही एका व्यवसायाचे दार उघडून देत नाही, हे खरेच आहे. परंतु अशा पदवीधरांनी समाजाचे नेतृत्व कसे केले आणि ते करताना कोठे कमी पडले, याचा एक बोलका अध्याय मुळशीच्याच भूमीवर घडला आहे. १९२१ ते १९२४ या काळातील मुळशी सत्याग्रह हा तो अध्याय होय.

संघर्षाची पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांना विजेची निकड भासू लागली. सह्याद्रीच्या माथ्यावरील मुसळधार पावसाचे पाणी अडवून ते कोकणात सोडावयाचे आणि त्या उतारावर वीज निर्माण करावयाची, ही टाटा कंपनीची योजना होती. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर कंपनीची दृष्टी मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाकडे वळली. येथे धरण झाल्यास मुळशी खोऱ्यातील सुमारे पन्नास गावे बाधित होणार होती. आंबेमोहर भाताची खाचरे, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे आणि देवस्थाने पाण्याखाली जाणार होती. चाचणीचे खंदक खणताना शेतमालकांना पूर्वकल्पनाही देण्यात आली नव्हती, त्यामुळे असंतोष अधिकच वाढला.

शेतकऱ्यांची बाजू पुण्यापर्यंत पोहोचली ती वृत्तपत्रांतून आणि सभांतून. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे १२०० मावळ्यांनी धरणाच्या जागी ठाण मांडले आणि काम बंद पाडले. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा होती. त्याच महिन्यात महात्मा गांधींनी 'यंग इंडिया'तून या लढ्याविषयी सहानुभूती व्यक्त केली. कंपनीने काही काळ काम स्थगित ठेवले. परंतु सरकारने भूसंपादन कायद्याचा आधार दिल्यानंतर काम पुन्हा सुरू झाले आणि डिसेंबर १९२१ पासून सत्याग्रहाचे दुसरे पर्व सुरू झाले. अटकसत्र चालले, पुरुषांबरोबर स्त्रियाही तुरुंगात गेल्या.

या लढ्याच्या पुढाऱ्यांत धरण बांधणीचा वा शेतीचा तज्ज्ञ असा कोणी नव्हता. त्यांतील प्रमुख मंडळींची जडणघडण भाषा, साहित्य, इतिहास आणि वृत्तपत्रे यांतून झालेली होती.

शब्दाचे सामर्थ्य : शि. म. परांजपे

शिवराम महादेव परांजपे यांचा जन्म १८६४ मध्ये महाड येथे झाला. ते संस्कृतचे एम. ए. होते आणि पुण्याच्या महाराष्ट्र कॉलेजात त्यांनी संस्कृतचे अध्यापन केले. त्या काळी अशा विद्वानापुढे सरकारी शिक्षणखात्याचा सुरक्षित मार्ग मोकळा असे. परांजप्यांनी तो न स्वीकारता १८९८ मध्ये 'काळ' हे साप्ताहिक काढले. संस्कृत काव्यशास्त्राच्या अभ्यासातून लाभलेली वक्रोक्ती त्यांनी राजकीय लेखनासाठी वापरली. उघड बोलणे गुन्हा ठरत असताना उपरोधाच्या आवरणातून बोलण्याची ही रीत वाचकांना अचूक समजे आणि सरकारलाही. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना १९ महिन्यांची शिक्षा झाली.

पुढे मुळशीच्या सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल १९२२ मध्ये त्यांना सहा महिन्यांचा कारावास भोगावा लागला. तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. अध्यापक, संपादक, वक्ता, कादंबरीकार आणि सत्याग्रही अशा भूमिका त्यांनी आयुष्यात बजावल्या. ज्याने इतरांना लेखणीतून त्याग शिकविला, त्याने उतारवयातही तो स्वतः आचरला. पुढाऱ्याच्या शब्दाला वजन येते ते अशा आचरणामुळे.

मार्ग बदलण्याचे धैर्य : सेनापती बापट

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १८८० मध्ये पारनेर येथे झाला. डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाल्यावर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी एडिंबरोला गेले. तेथे हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीविषयी परखड विचार मांडल्याने शिष्यवृत्ती गेली. पुढे लंडनमध्ये क्रांतिकारकांशी संबंध आला, पॅरिसला जाऊन त्यांनी बाँबविद्या मिळविली, आणि १९०८ मध्ये स्वदेशी परतल्यावर काही वर्षे अज्ञातवासात व काही काळ अटकेत गेली. सुटकेनंतर त्यांनी पुण्यात 'मराठा' पत्रात काम केले. हाती झाडू घेऊन रस्ते झाडणे हा त्यांचा परिपाठच होता.

मुळशीच्या लढ्यात ते उतरले तेव्हा वयाची चाळिशी झाली होती. बाँबविद्या शिकून आलेला मनुष्य निःशस्त्र मावळ्यांच्या पुढे उभा राहिला. 'सेनापती' ही उपाधी त्यांना याच लढ्याने दिली. उत्तरायुष्यात त्यांनी काव्य लिहिले, श्रीअरविंदांच्या 'द लाइफ डिव्हाइन' या ग्रंथाचा मराठी अनुवाद केला आणि गोवामुक्ती व संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींतही भाग घेतला. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. एका पदवीत, एका व्यवसायात वा एका मतात अडकून न पडता काळाची गरज ओळखून नवे काम शिकण्याची तयारी, हा त्यांच्या जीवनातील मोठा धडा आहे.

मात्र त्यांच्या वाटचालीचा शेवटचा टप्पाही डोळ्यांआड करता येत नाही. लढा क्षीण होत चालला तेव्हा डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी मोजक्या साथीदारांसह हत्यारे घेऊन रुळांवर दगड रचले आणि धरणाच्या कामावरील गाडी अडविली. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या निर्भयतेविषयी शंका नाही. परंतु अहिंसेच्या पायावर उभ्या राहिलेल्या चळवळीत या कृतीने लोकसहभाग वाढला नाही. लढा तेथेच संपला. पुढारी एकटा कितीही पुढे गेला, तरी अनुयायांना बरोबर नेता आले नाही तर कार्य सिद्धीस जात नाही.

तुरुंगातील शिस्त

मुळशीचे अनेक सत्याग्रही येरवड्याच्या तुरुंगात होते. १९२२ ते १९२४ या काळात गांधीजीही तेथेच बंदिवान होते. नेमून दिलेले काम न केल्याबद्दल मुळशीच्या काही कैद्यांना फटके मारले जात असल्याचे कळल्यावर गांधीजी व्यथित झाले. त्यांनी अधिकाऱ्यांकडे या कैद्यांच्या भेटीची परवानगी मागितली. शिक्षा अमानुष आहे हे खरेच. पण सत्याग्रह्याने तुरुंगातील वाजवी श्रम टाळणे सत्याग्रहाच्या तत्त्वात बसत नाही, अशी त्यांची भूमिका होती. हा प्रसंग त्यांनी पुढे आपल्या तुरुंगातील अनुभवांत नोंदविला. मुळशीच्या या कैद्यांपैकी शंकरराव देव पुढे राष्ट्रीय काँग्रेसचे सरचिटणीस आणि घटना समितीचे सदस्य झाले, व नंतर सर्वोदय कार्याकडे वळले.

अहिंसा म्हणजे केवळ शस्त्र न उचलणे नव्हे. विरोधकाशीही सत्याने आणि शिस्तीने वागणे हा तिचा गाभा आहे. अहिंसा परम धर्म मानणाऱ्या जैन समाजाला हे नव्याने सांगावयास नको. तथापि सार्वजनिक जीवनात हे तत्त्व आचरणे किती कठीण असते, याची साक्ष मुळशीचा इतिहास देतो.

नेतृत्वाची मर्यादा

अखेर धरण झाले. १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. मुळशीचे पाणी घाटाखाली आणि त्यापासून निर्माण झालेली वीज मुंबईकडे जाऊ लागली. इतके विद्वान आणि त्यागी पुढारी असूनही हा लढा का हरला?

सरकार आणि कंपनी यांचे बळ हे एक कारण. दुसरे कारण लढ्याच्या अंतर्गत रचनेत होते. खोऱ्यातील पुष्कळशा जमिनींची मालकी पुण्यातील सावकारांकडे होती आणि मावळे त्या कसत होते. सावकाराला जमिनीचा मोबदला पैशात मिळाला तर त्याचे नुकसान भरून निघणार होते. कुळाचे मात्र सारे जीवनच त्या मातीवर अवलंबून होते. मोबदल्याची बोलणी पुढे सरकली तसे हे हितसंबंध वेगळे झाले आणि लढ्याची एकजूट सैल पडली. "जान किंवा जमीन" म्हणणाऱ्यांच्या हाती अखेर दोन्ही बाबतींत निर्णयाचा अधिकार उरला नाही.

या लढ्यात स्थानिक नेतृत्व नव्हते असे नाही. मावळातील जाईबाई भोईटे यांच्यासारख्या स्त्रिया पुढे आल्या होत्या. लढ्यातील एक प्रमुख कार्यकर्ते विनायकराव भुस्कुटे यांनी पुढे या सत्याग्रहाचा इतिहास ग्रंथरूपाने लिहून ठेवला. परंतु पुण्याच्या व्यासपीठावर बोलणारे आणि खाचरात राबणारे यांच्यातील अंतर पूर्णपणे मिटले नाही. भाषेवर प्रभुत्व असणाऱ्याने दुसऱ्याची व्यथा मांडावी, हे योग्यच. पण ती मांडताना ज्याची व्यथा आहे त्याला निर्णयात स्थान मिळाले पाहिजे. सुशिक्षित पुढाऱ्यांसाठी हा मुळशीचा सर्वांत कटू धडा आहे.

संस्था उभारणारे पदवीधर : अण्णासाहेब लठ्ठे

मुळशीत चळवळ उभी राहिली, पण विस्थापितांच्या मागे दीर्घकाळ उभी राहील अशी संस्था निर्माण झाली नाही. संस्था उभारणीचे उदाहरण पाहण्यासाठी त्याच पिढीतील, पण दक्षिण महाराष्ट्रातील एका जैन पदवीधराकडे वळावे लागते. अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे यांचा जन्म १८७८ चा. एम. ए., एलएल. बी. झालेल्या लठ्ठ्यांनी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात इंग्रजीचे अध्यापन केले. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या प्रवर्तकांत ते होते. जैन धर्माची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक आणि राजर्षी शाहू छत्रपतींचे इंग्रजी चरित्र त्यांनी लिहिले. पुढे ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले.

अध्यापन, लेखन, वकिली, राज्यकारभार आणि अर्थखाते ही क्षेत्रे परस्परांहून किती भिन्न! परंतु व्यक्ती गेली तरी सभा राहिली, वसतिगृहे राहिली, आणि त्यांतून शिकलेल्या पिढ्या राहिल्या. त्याच समाजातील कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याजवळ कोणतीही पदवी नव्हती. तरीही १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. पदवी हे नेतृत्वाचे साधन आहे, अट नव्हे, हे त्यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

समारोप

मुळशीच्या विस्थापितांना जे मिळाले नाही, त्याची दखल कायद्याने फार उशिरा घेतली. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा रद्द करून भरपाई व पुनर्वसन यांना एकत्र स्थान देणारा केंद्रीय कायदा २०१३ मध्ये संमत झाला व १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. ज्या प्रश्नाला मावळ्यांनी आणि त्यांच्या सुशिक्षित सहकाऱ्यांनी १९२१ मध्ये वाचा फोडली, त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात येण्यास नव्वदहून अधिक वर्षे लागली.

आज याच मुळशी तालुक्यात लवळे येथे कला, मानव्यविद्या आणि व्यवस्थापन यांचा मेळ घालणारे फ्लेम विद्यापीठ उभे आहे. तेथील किंवा अन्य कोणत्याही महाविद्यालयातील विद्यार्थ्याला धरणाचा विस्तीर्ण जलाशय पाहताना त्याखालच्या खाचरांचीही आठवण झाली, तर त्याच्या शिक्षणाला निश्चितच खोली येईल. कला शाखेची पदवी घेऊन पुढे काय, या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. परांजप्यांचे उत्तर निराळे, बापटांचे निराळे, लठ्ठ्यांचे निराळे. मात्र नीट वाचणे, नेमके बोलणे, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहणे आणि गरज पडेल तेव्हा नवे काम पत्करणे, ही शिदोरी तिघांजवळही होती. ज्या घरात आज शाखा-निवडीची चर्चा चालू असेल, त्या घराने एवढे लक्षात घेतले तरी एखाद्या मुलाचा वा मुलीचा आवडीचा मार्ग मोकळा होईल आणि उद्या समाजाला एक जाणता कार्यकर्ता लाभेल.