‘लूट’ : दसरा चौकातील आणि दिल्लीतील

कोल्हापूरच्या दसरा चौकात विजयादशमीच्या सायंकाळी शमीपूजन झाले की सारे जण ‘सोने लुटतात’. ही लूट आपट्याच्या पानांची. लुटलेले सोने लगेच दुसऱ्याच्या हाती द्यायचे असते.

हाच शब्द इंग्रजीतही आहे. संस्कृत ‘लुण्ठ्’ या धातूशी नाते सांगणारी हिंदुस्थानी ‘लूट’ अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी लेखनात नोंदली गेली. पुढच्या शतकात तिथे तिचे क्रियापदही झाले. मात्र तिच्याबरोबर बळाने हिरावून घेण्याचा अर्थ तेवढा गेला. आपले ‘आनंद लुटणे’ मागेच राहिले.

सप्टेंबर १८५७ मध्ये दिल्ली पडली. विजयी फौजेने घरोघरची मालमत्ता जमा केली. गोरे शिपाई व अधिकारी आपसांत तिला ‘लूट’च म्हणत, सरकारी दप्तरात मात्र ती ‘प्राइझ’ ठरली आणि तिच्या वाटपासाठी ‘प्राइझ एजंट’ नेमले गेले.

व्युत्पत्ती शिकवताना आपण बहुधा धातूपाशी थांबतो. एखादा शब्द कोणाच्या कृत्याला लावला गेला आणि कोणाच्या कृत्याला लावण्याचे टाळले गेले, हेही त्याच तासाला सांगायला हवे, असे आम्हांस वाटते.