मार्सेयची पदयात्रा

फ्रान्सच्या राज्यक्रांतीनें जगास समतेचा मंत्र दिला, असें आपण शाळेपासून घोकीत आलों. पण त्याच देशांत अल्जेरियन मुसलमान मजुरांच्या पोरांस तो कितपत लाभला, हें आम्ही क्वचितच विचारलें आहे. १९८३ च्या जूनमध्यें लियों शहरालगतच्या मँगेत वस्तींत पोलिसांचा कुत्रा एका मुलावर तुटून पडला. त्यास सोडवावयास धांवलेला तूमी जायजा हा तरुण पोलिसाच्या गोळीनें घायाळ झाला. अशा वेळीं सूड सुचावा, तर त्यास सुचलें तें पायीं चालणें! गांधीजी व मार्टिन ल्यूथर किंग यांचा आदर्श त्यानें आणि देलोर्म या कॅथलिक धर्मगुरूंनीं पुढें ठेविला. दांडीची वाट कोठवर पोंचली, हें पाहून आम्हांस तरी गहिंवर आला.

१५ ऑक्टोबरला मूठभर मंडळी मार्सेयहून निघाली. ती वाटेंत असतांनाच १४ नोव्हेंबरच्या रात्रीं एका अल्जेरियन प्रवाशास धांवत्या आगगाडींतून फेंकून ठार मारण्यांत आलें. ३ डिसेंबरला पॅरिसांत सुमारें १ लाख लोक जमले, आणि राष्ट्राध्यक्ष मित्तेराँ यांनीं परदेशीयांस १० वर्षांचा वास्तव्य-परवाना देऊं केला. आईबापांचा घोर त्यानें कांहींसा निवला खरा. पण ज्या पोरांचा जन्मच फ्रान्सचा, त्यांस परवाना घेऊन काय करावयाचें होतें? त्यांस पोलिसांपासून अभय हवें होतें.

पुढें २००५ च्या ऑक्टोबरांत क्लिशी-सू-ब्वा येथें पोलिसांच्या भीतीनें वीजकेंद्रांत लपलेलीं दोन मुलें विजेच्या धक्क्यानें मेलीं व वस्त्या पेटल्या. सरकारनें आणीबाणी पुकारली, ती १९५५ च्या कायद्यानें. आणि तो कायदा केला होता अल्जेरियाच्या युद्धासाठीं.